कारण : धूळ

अप्पा रडत नाहीत. त्यांच्या डोळ्यात काहीतरी जातं. जानेवारी ते मे धूळ, जूनमध्ये पहिल्या पावसाचा वारा, श्रावणात उदबत्तीचा धूर, गणपतीत गुलाल, दिवाळीत फटाक्यांची दारू, आणि त्यानंतर काहीच हाताशी नसलं तर नुसती थंडी. हे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. आपल्या डोळ्यांना पाणी येण्यामागे वारा, धूर, कांदा, माशी, नवा चष्मा आणि जुना चष्मा यांपलीकडे सातवं कारण असू शकतं, हे त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही.

अप्पा आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. साताऱ्यात घर, साताऱ्यात सासर आणि मिशी भरघोस. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेली. चौकशीच्या खिडकीमागे एक लाकडी खुर्ची, समोर माइक आणि हाताखाली नोंदवही. त्या वहीत गाडीची यायची वेळ, प्रत्यक्ष आल्याची वेळ आणि शेवटी उशिराचं कारण असा एक अरुंद रकाना असायचा. या रकान्याने अप्पांचा स्वभाव घडवला असं माझं मत आहे. ‘घाटात दरड’, ‘टायर पंक्चर’, ‘यात्रेची गर्दी’, ‘रस्त्यात गुरे’. दोन शब्दांत आटपायचं. रकाना मोकळा ठेवायची सोय नाही आणि ‘कारण सांगता येत नाही’ असं लिहायची तर मुळीच नाही. या जगात वेळापत्रकाबाहेर जे जे घडतं, त्याला त्या रकान्यात मावेल एवढं कारण असलंच पाहिजे, अशी त्यांची पक्की धारणा झाली. मग डोळ्यांतल्या पाण्याने काय घोडं मारलंय? डोळ्याला पाणी, वेळ रात्री साडेनऊ, कारण : धूळ. पुढची गाडी.

घरातली मंडळीही या कारभारात मुरलेली आहेत. टीव्हीवर मालिकेतला सासरा सुनेची माफी मागू लागला की माई अप्पांकडे बघतसुद्धा नाहीत. नुसतं विचारतात, “अहो, पंखा बंद करू का?” अप्पा म्हणतात, “कर. फार वारा येतोय.” पंखा बंद होतो. मे महिन्यात सगळं घर घामाने निथळत बसतं, पण सासऱ्याचं आणि सुनेचं मिटेपर्यंत पंख्याच्या बटणाला कोणी हात लावत नाही.

देवाने पुरुषांसाठी चेहऱ्यातच एक आडवाट करून ठेवली आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक बारीक छिद्र असतं. डोळ्यातलं पाणी तिथून एका इवल्याशा पिशवीत जातं आणि पिशवीतून नळीवाटे नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते यामुळे. बायका डोळ्यांनी रडतात. आपल्याकडचे पुरुष नाकाने रडतात. अप्पांची यातली तयारी एखाद्या घराण्याच्या गवयासारखी आहे. पाणी यायच्या आधी मान किंचित वर, नजर छताच्या कोपऱ्यात, जणू जळमटं कुठे झाली आहेत ते पाहताहेत. पापणी मिटायची नाही, मिटली की थेंब गालावर. पाण्याला आपल्या वाटेने आत उतरू द्यायचं. मग एक खारट आवंढा. मग खिशातून चौकोनी घडीचा रुमाल आणि नाकातून असा काही आवाज, की शेजारच्या मांजराने उठून जावं. शेवटी जाहीर निवेदन : “सर्दी काही हटत नाही.”

ही कला एकदाच फसली, तीही सगळ्या स्टँडसमोर. अप्पांचा शाळेतल्या दाखल्यावरचा जन्म 1 जूनचा. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा तोच आहे. मास्तरांनी नाव घालताना सोयीची तारीख टाकली की झालं. पण अप्पांना तिचा अभिमान, कारण एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती 1 जून 1948 ला. “मी आणि एसटी एका तारखेचे,” असं ते सांगतात. तर 31 मे ला अठ्ठावन्न पुरी झाली, शाल-श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. अप्पा म्हणाले, जाता जाता एक गाडी पुकारतो. खिडकीत बसले, माइक ओढला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सहावर लागलेली...” इथे गाडी थांबली. फलाट सहावर लागलेली कोण, ते काही येईना. अप्पांनी मान वर केली, छताकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि सवयीप्रमाणे रुमाल काढला. माइक चालूच होता. तो आवाज दहाही फलाटांवर गेला. उसाच्या रसाची घंटा थांबली. एक म्हातारी दचकून “गाडी फुटली का काय?” म्हणाली. क्षणभराने भोंग्यातून अप्पांचा खणखणीत आवाज आला, “तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगीर आहोत.”

हे कुठून आलं, ते अप्पांना विचारून उपयोग नाही. त्यांच्या लहानपणी प्रत्येक गावात हा शिक्षणक्रम फुकट उपलब्ध होता. गुडघा फुटला, रड आली, की वडील म्हणायचे, “पोरीसारखा काय रडतोस?” मोठा भाऊ म्हणायचा, “बांगड्या आणू का?” तालमीतले वस्ताद तेवढंही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. पोरींना मात्र रडायचं कसं ते कोणी शिकवलं नाही आणि कोणी अडवलंही नाही, त्यामुळे त्यांचं आपोआप जमलं. पोरांना नऊ-दहा वर्षं खपून ते विसरावं लागलं.

मयताच्या घरी ही वाटणी सगळ्यात स्वच्छ दिसते. बायकांकडे रडणं आणि पुरुषांकडे कामं. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड, गुरुजी, दाखला, लांबच्या भावाला फोन, तो निघाला का, कुठवर आला. पुरुषमाणसाला रडायला फुरसतच मिळू नये इतकी ही यादी कोणीतरी फार विचार करून लांबवलेली आहे. अप्पा या खात्याचे बिनपगारी प्रमुख. कॉलनीत कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना. ते चपला घालता घालता विचारतात, “उंची किती?” कोऱ्या चेहऱ्याने तिरडी बांधतात आणि गाठ अशी मारतात की कुणाला दुसरी मारावी लागत नाही.

त्यांची स्वतःची आई गेली तेव्हाही तिरडी त्यांनीच बांधली. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस! स्मशानात लाकडं ओली निघाली, तर अप्पा वखारवाल्याशी असे भांडले की त्याने निम्मी लाकडं मुकाट्याने बदलून दिली. दोनशे रुपयांवरून इतका आवाज चढवलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि अप्पा पैशाचे तसे नव्हेत. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. गुरुजींनी सांगितलं, काही इच्छा राहिली असेल तर बोला. धाकट्या भावाने घर सांभाळू म्हणून सांगितलं, बहिणीने देव सांभाळू म्हणून. कावळा फांदीवरच. शेवटी अप्पा पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आई, सर्दीचं औषध घेतो मी वेळेवर.” कावळा उतरला. परत येताना अप्पांचे डोळे लालभडक होते. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, “ऊन फार आहे. नदीच्या पाण्यावरून डोळ्यावर येतं.”

लेकीच्या लग्नात तर उलटाच प्रकार. तिथे वधूपित्याने रडायचं, हे पत्रिकेत छापत नाहीत इतकंच. पाठवणीची वेळ झाली की नवऱ्या मुलीकडे बघायचं सोडून सगळा मांडव बापाकडे बघतो. अप्पा उभे होते, लेक गळ्यात पडली होती, बायका पदर डोळ्याला लावून तयार होत्या, आणि व्हिडिओवाला दिवा धरून पुढे आला : “काका, मान जरा वर. हां, आता रडा.” अप्पांची वरची मान खाली आली ती थेट त्याच्यावर. त्यांनी त्याला विचारलं, “तुमचं जेवण झालं का?” आणि लेकीच्या पाठीवर दोन थापा मारून निघून गेले. मागे कुजबुज झाली, बाप जरा कोरडाच आहे. म्हणजे एरवी रडला असता तर हसले असते तेच लोक आता रडला नाही म्हणून नाराज. वऱ्हाडाची गाडी बुकिंगची एसटी होती. तिच्या ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं, साहेब गाडीच्या मागे जाऊन स्टेपनी तपासत होते. बराच वेळ तपासली. स्टेपनी नवी कोरी होती. “मी विचारलं, साहेब, काय झालं? तर म्हणाले, डिझेलचा धूर फार आहे रे तुझ्या गाडीला. इंजिन बंद होतं हो!”

आपल्या समाजाने पुरुषांना रडू दिलंच नाही, असं कोणी म्हटलं तर ते मात्र खरं नाही. परवानगी आहे, पण जागा ठरवून दिलेल्या आहेत. नाटकाचंच घ्या. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ 1919 मध्ये रंगभूमीवर आला. सिंधूचं काम बालगंधर्व करायचे. नवऱ्याच्या दारूपायी देशोधडीला लागलेली ती पतिव्रता रडू लागली की समोरच्या खुर्च्यांतले वकील, मामलेदार, सावकार घळाघळा रडायचे. रडणारा पुरुष, रडवणाराही पुरुष आणि बदनामी कोणाचीच नाही, कारण मध्ये एक लुगडं होतं. याच बालगंधर्वांची लहान मुलगी 1911 मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच गेली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही, तोंडाला रंग लावला आणि उभे राहिले. त्याची गोष्ट आपण शंभर वर्षं मोठ्या कौतुकाने सांगतो आहोत. सिंधू म्हणून रडले ते अभिनयाचं शिखर आणि बाप म्हणून रडले नाहीत ते निष्ठेचं. अप्पांना ही गोष्ट फार आवडते. सांगताना त्यांना हटकून सर्दी होते.

दुसरी जागा कीर्तनाची. आपल्या शास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले. अंग ताठणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उतरणं, अश्रू आणि शेवटी भान हरपणं. यात अश्रूंना सातवं अधिकृत स्थान आहे आणि वर बाई-पुरुष असा भेद नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन चालतं. समाधी झाली 1296 मध्ये, आणि नामदेवांनी तिचं वर्णन करून ठेवलंय ते अभंग सुरू झाले की फेटे बांधलेले, नांगर धरलेले, बाजार समितीत वर्षभर कुणाला न जुमानणारे गडी लहान पोरासारखे रडतात. अप्पा त्या दिवशी आळंदीला जातात. मी एकदा बरोबर होतो. मंडपात ते छताकडे बघत नाहीत, रुमाल काढत नाहीत. पाणी गालावरून मिशीत आणि मिशीतून शर्टावर जाऊ देतात, शेजारचा अनोळखी वारकरीही तेच करत असतो, आणि मधूनच दोघं एकमेकांच्या पाया पडतात. बाहेर आल्यावर मी विचारलं, “अप्पा, आत बरीच धूळ होती का?” ते म्हणाले, “गाढवा, ती भक्ती होती.”

खरं म्हणजे गीतेपासून हीच पद्धत आहे. अर्जुन भर रणांगणात डोळे भरून बसला. कृष्णाने आधी त्याला असं बायल्यासारखं वागू नकोस म्हणून झापलं, ते अप्पांच्या वडिलांनी झापलं तसंच. पण नंतर निदान समजूत काढायला 18 अध्याय दिले. अप्पांना त्या वयात एकही मिळाला नाही.

तिसरी जागा क्रिकेट. ही गेल्या काही वर्षांत मंजूर झाली. 13 मार्च 1996 ला मात्र नव्हती. वर्ल्ड कपची सेमीफायनल, कलकत्त्याचं ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. डेपोच्या विश्रांतीगृहात ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी टीव्हीला चिकटलेली. 252 करायच्या होत्या. सचिन 65 वर यष्टिचीत झाला तेव्हा धावा 98, आणि बघता बघता 8 बाद 120. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, आणि सामना श्रीलंकेला दिला गेला. विनोद कांबळी 10 वर नाबाद होता. तो रडत रडत पॅव्हेलियनकडे चालत गेला, आणि त्या चालण्याचं चित्र अख्ख्या देशाने पाहिलं. त्या रात्री मैदानावर बाटल्या मारणाऱ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत इतकी आमच्याकडे कांबळीला ठेवली. अप्पा म्हणाले, “बॅट हातात आणि डोळ्याला पाणी? शोभतं का हे?” संतापलेला पुरुष चालतो, खुर्च्या पेटवणाराही चालतो. अडचण फक्त डोळ्याला पाणी आलेल्याची.

पुढे 16 नोव्हेंबर 2013, शनिवार. वानखेडेवर सचिनची दोनशेवी आणि शेवटची कसोटी संपली. त्याने हातात कागद धरून भाषण केलं, सगळ्यांत आधी वडिलांचं नाव घेतलं. याच सचिनचे वडील 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये गेले तेव्हा तो घरी येऊन परत गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद 140 मारले. अप्पा त्याला बालगंधर्वांच्या शेजारी बसवत आले होते. तोच सचिन आता भाषण आटपून एकटा खेळपट्टीपाशी गेला, वाकला, माती कपाळाला लावली आणि डोळे पुसत परतला. अप्पांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे कॉलनीतले पुरुष होतो, एक निवृत्त फौजदार, एक किराणा दुकानदार, एक गणिताचे सर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फौजदार खिडकीत जाऊन पार्किंग बघत होते. सरांनी चष्मा पुसायला काढला तो पुसतच राहिले. स्वयंपाकघरातून माई आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि शांतपणे पंखा बंद केला.

मी नंतर हळूच कांबळीचा विषय काढला. अप्पा म्हणाले, “त्याचं वेगळं. तो हरला होता.” म्हणजे जिंकून रडलेलं चालतं. पुरुषाच्या रडण्याला आधी चौतीस हजार धावा लागतात.

माई याबाबतीत अप्पांपेक्षा सरळ. साने गुरुजींवरून दोघांचा वर्षानुवर्षं वाद चालू आहे. अप्पांच्या मते गुरुजी थोर, पण “माणूस फार रडका.” ‘श्यामची आई’ त्यांनी शाळेत वाचायला घेतलं होतं आणि चौथ्याच रात्री सर्दीमुळे सोडून दिलं. मग माई ऐकवतात, “त्याच रडक्या माणसाने ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं. त्याच रडक्या माणसाने 1947 मध्ये पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडायला उपोषण केलं. तुमच्या न रडणाऱ्यांपैकी कोण बसलं होतं हो त्यांच्या शेजारी?” अप्पा पेपर उघडतात. यावर त्यांच्याकडे रकान्यात मावेल असं उत्तर नाही.

आता धाकटी पिढी बघा. अप्पांचा मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो. गेल्या वर्षी तो मुळशीकडे कुठल्याशा रिसॉर्टवर पुरुषांच्या शिबिराला गेला. वीस-पंचवीस जण गोल करून बसले, मधे मेणबत्ती, मागे बासरीची रेकॉर्ड, आणि शिबिर घेणाऱ्याने सांगितलं की आता इथे तुम्ही सुरक्षित आहात, येऊ दे. मुलगा म्हणाला, “अप्पा, मी दोन तास रडलो. इतकं हलकं वाटलं!” अप्पांनी विचारलं, “किती घेतले?” त्याने आकडा सांगितला. जेवण धरून होता. अप्पा म्हणाले, “रडायला एवढे? आमच्या वडिलांनी फुकटात रडवलं.” मुलगा हटला नाही. जवळ बसून, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अप्पा, तुम्हीसुद्धा मोकळे व्हा.” अप्पा बुचकळ्यात पडले. म्हणाले, “मी सकाळी साडेपाचलाच होतो.”

मला विचाराल तर बापलेकांत फारसा फरक नाही. बापाला धूळ लागते, लेकाला बासरी. फुकट आणि उगाच रडणं दोघांनाही जमलेलं नाही. हे सोशल मीडियावरचे रडके पुरुष तर आणखी पुढचे. डोळ्याला पाणी आल्यावर ज्याला आधी मोबाइल उभा करायचं सुचतं, त्याच्यापेक्षा मला स्टेपनी तपासणारा माणूस बरा वाटतो.

नातू मात्र वेगळ्याच शाळेत आहे. त्याच्या वर्गात भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता असतो म्हणे. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, असे आठ गोल चेहरे. सुट्टीत येताना त्याने त्याची छोटी प्रत आणली आणि रोज सकाळी आजोबांसमोर धरू लागला. “आजोबा, आज तुम्हाला कसं वाटतंय? बोट ठेवा.” अप्पांनी चष्मा लावून सगळे चेहरे पाहिले. उलट करून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाले, “यात ‘ठीक’ कुठाय?” नातवाने शोधलं. ठीक नव्हतं. पोरगं गुणी. त्याने पेन्सिल आणली आणि खाली नववा गोल काढला. तोंडाच्या जागी आडवी रेघ आणि वर मिशी. सुट्टी संपेपर्यंत अप्पा रोज त्याच्यावर बोट ठेवत होते. नातू पुण्याला गेला त्या दिवशी तक्ता फ्रीजवरच राहिला. अप्पांनी तो तसाच ठेवलाय आणि फ्रीजच्या गार हवेने डोळ्यांना त्रास होतो अशी तक्रार सुरू केली आहे.

इतकी वर्षं हा कारभार असा सुरळीत चालला होता, तो सत्तरीच्या सुमाराला अचानक कोलमडला. अप्पांच्या डाव्या डोळ्यातून खरोखरीच पाणी यायला लागलं. कारणाशिवाय, वेळीअवेळी. दाढी करताना, तूरडाळीचा भाव वाचताना, विजेचं बिल भरताना. मान वर करून उपयोग नाही, आवंढा गिळून उपयोग नाही. पाणी आत उतरायला तयारच नाही, सरळ गालावर. आणि गंमत अशी की अप्पा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते, तर कोणी विश्वास ठेवेना. “अगं, खरंच काही झालेलं नाही,” असं ते माईंना सांगायचे आणि माई जवळ येऊन बसायच्या. “अहो, मनात काही असेल तर बोला.” लेकीचे रोज फोन. फौजदार एकदा संध्याकाळी आले आणि काही न बोलता तासभर बसून गेले. मुलाने पुण्यातल्या एका समुपदेशकाचा नंबर धाडला. अप्पा कळवळून मला म्हणाले, “अरे, डाळीला कोण रडतं? मी नाही रडत, हे कुणाला सांगू?” हे सांगतानाही डाव्या गालावर धार होतीच.

शेवटी आपलं म्हणणं सिद्ध करायला ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. सोबत मला नेलं, साक्षीदार म्हणून. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी खालच्या पापणीच्या कोपऱ्यातल्या त्या छिद्रात बोथट सुई टेकवून मिठाचं पाणी सोडलं. “काका, घशात खारट लागतंय?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“पूर्वी लागायचं.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी उजव्या डोळ्याची नळी तपासायला घेतली. पाणी सोडताच अप्पांनी सवयीने मान वर केली, आवंढा गिळला आणि ओळखीचा माणूस भेटल्यासारखे म्हणाले, “हां! हेच ते.”

निदान झालं. डाव्या बाजूची नळी बंद पडली होती. जुनी माणसं याला लासूर म्हणतात. पाणी नाकात उतरत नाही, म्हणून बाहेर सांडतं. उपाय सोपा, छोटं ऑपरेशन करून पिशवीपासून नाकात नवी वाट काढायची. डॉक्टर सगळं समजावून सांगत होत्या, पण अप्पांचं लक्ष पहिल्याच वाक्यावर अडकलं होतं. त्यांनी विचारलं, “म्हणजे हा आजार आहे? कागदावर देता का लिहून?”

तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला. आणि त्या दिवसापासून अप्पांना जो सूर सापडला, तो पाहण्यासारखा आहे. ते आता मालिका पंखा चालू ठेवून बघतात. बारशाला, बाराव्याला, शाळेच्या गॅदरिंगला, पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला, जिथे वाटेल तिथे बिनघोर गाल ओले करतात, आणि कोणी बघितलं की डावा डोळा दाखवून म्हणतात, “लासूर. नळी बंद आहे. डॉक्टरचा कागद आहे.” कॉलनीतले पुरुष त्यांच्याकडे जरा हेव्यानेच बघतात. गणिताचे सर तर एकदा मला बाजूला घेऊन विचारत होते, हे कोणत्या वयात होतं आणि लागण होते का.

ऑपरेशन मात्र होत नाही. आधी आषाढी होऊ दे म्हणाले. मग आळंदी. मग लेकीच्या मुलीची मुंज नसते तरी तिचं काहीतरी होतं. मग वर्ल्ड कप. माई एके दिवशी मला म्हणाल्या, “लासूर डाव्या डोळ्याला आहे ना रे? मग उजव्यातून का येतं?” मी म्हटलं, “तुम्ही विचारलं का त्यांना?” त्या म्हणाल्या, “मला काय करायचंय? विजेचं बिल किती कमी आलंय बघ. पंखा बंदचालू करावा लागत नाही, पण मे महिन्यात भांडायला तरी कुठे उरलंय!” हे गणित मला काही जमलं नाही, पण माईंचा चेहरा बघून मी विचारलंही नाही.

शेवटी गेल्या महिन्यात मुलगा पुण्याहून आला आणि अप्पांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तारीख पक्की करायचीच, असं ठरवून. डॉक्टरांनी डायरी उघडली, पुढचा मंगळवार मोकळा आहे म्हणाल्या. अप्पा गप्प बसले होते. मग खुर्ची जरा पुढे ओढून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, हे दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतं का?”

“होऊ शकतं. वयाप्रमाणे होतं कधी कधी.”

“मग थांबू की,” अप्पा म्हणाले. “दोन्हीचं एकदमच करू.”